समाजमाध्यमांवरून रोजच्या बातम्या घेण्याची सुरुवात कशी करावी: ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांसाठी

समाजमाध्यमांवरून रोजच्या बातम्या घ्यायच्या असतील, तर अ‍ॅप उघडण्याआधी एका कागदावर आपला पत्ता लिहावा आणि त्या पत्त्यावरील पाणी, वीज, रस्ते, पोलीस, शाळा व प्रवास यांबाबतचे निर्णय कोण घेते, हे त्याशेजारी लिहून काढावे. आपल्या भागात ही पायरी फार महत्त्वाची आहे, कारण येथे एकाच परिसरावर अनेक यंत्रणांचा अधिकार चालतो. खारघरचा रहिवासी स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतो, त्याच्या भागात बस नवी मुंबई परिवहनची येते आणि पोलीसही नवी मुंबई आयुक्तालयाचे असतात; पण त्याची महापालिका २०१६ मध्ये स्थापन झालेली पनवेलची आहे आणि जिल्हा रायगड आहे. शेजारचे बेलापूर मात्र ठाणे जिल्ह्यात आणि नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत मोडते. त्यामुळे मुसळधार पावसाच्या सकाळी ‘नवी मुंबईतील शाळांना सुट्टी’ असा संदेश आला, तर तो आदेश कोणत्या जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा कोणत्या महापालिकेचा आहे, हे कळल्याशिवाय खारघरच्या पालकांना त्याचा काहीच उपयोग नाही. ठाण्यातही कळवा, मुंब्रा आणि शीळ भागातील वीजवितरण टोरंट पॉवरकडे आहे, तर शहराच्या उर्वरित भागात ते महावितरणकडे आहे.

हा कागद तयार झाला की त्यातील प्रत्येक यंत्रणेचे अधिकृत खाते शोधावे. यासाठी अ‍ॅपमध्ये नाव टाइप करून शोधू नये, कारण तेच बोधचिन्ह लावलेली खासगी खातीही त्या शोधात दिसतात. त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर जाऊन तेथे दिलेल्या दुव्यावरूनच खाते उघडावे. एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) सरकारी यंत्रणांच्या खात्यांना राखाडी रंगाची टिक असते. निळी टिक पैसे भरून मिळवता येते, त्यामुळे ती बातमीच्या खरेपणाची खूण मानता येत नाही. रेल्वेसाठी मध्य रेल्वेचे खाते पुरेसे आहे. ठाणे–वाशी–पनवेल ट्रान्सहार्बर मार्गही तिच्याच अखत्यारीत येतो आणि रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक तेथे आधीच मिळते. घोडबंदर रस्त्याने किंवा मुंब्रा बाह्यवळणाने रोज ये-जा करणाऱ्यांनी ठाणे वाहतूक पोलिसांचे खाते अवश्य जोडावे.

आता या खात्यांची एक्सवर स्वतंत्र यादी करावी. आपल्या प्रोफाइलच्या मेनूमध्ये ‘लिस्ट’ हा पर्याय असतो. यादी खासगी ठेवली तर ती इतर कोणालाही दिसत नाही. अ‍ॅप उघडताच समोर येणारा मजकूर, आपण कशावर थांबतो आणि काय पाहतो यावरून संगणकीय पद्धतीने निवडलेला असतो, त्यामुळे पाणीकपातीची सूचना त्यात सहज मागे पडते. यादीत मात्र आपण निवडलेल्या खात्यांचाच मजकूर येतो. ज्यांना एक्स वापरायचे नाही त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘चॅनेल’ वापरावे. चॅनेल फॉलो केल्याने आपला फोन क्रमांक इतर अनुयायांना दिसत नाही.

केवळ सरकारी खात्यांवर मात्र विसंबू नये, कारण यंत्रणा आपल्या चुका सहसा स्वतःहून सांगत नाहीत. किमान दोन मराठी वृत्तपत्रांची खाती आणि महापालिकेचे वार्तांकन करणारे एक-दोन बातमीदार यादीत असावेत. इन्स्टाग्रामवर प्रत्येक नोडच्या (नवी मुंबईतील उपनगराच्या) नावाने चालणारी स्थानिक पाने कधी कधी सर्वांत आधी बातमी देतात, पण ती निवडताना पारखून घ्यावीत: घटनेची तारीख व ठिकाण दिलेले असते का, जाहिरात असल्यास तसे म्हटलेले असते का आणि चूक झाल्यास दुरुस्ती टाकली जाते का, हे आठवडाभर पाहावे व मगच ते पान ठेवायचे की नाही हे ठरवावे.

सर्वाधिक काळजी सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या संदेशांबाबत घ्यावी लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आज संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून फिरून आपल्यापर्यंत आला आहे असे समजावे आणि त्याचा मूळ स्रोत शोधावा.

पडताळणीत पहिली नजर तारखेवर टाकावी. ‘येत्या बुधवारी चोवीस तास पाणी बंद’ एवढेच लिहिलेला संदेश मागच्या वर्षीचाही असू शकतो. आदेशाचे छायाचित्र असेल, तर त्यावरील जावक क्रमांक, दिनांक आणि अधिकाऱ्याचे पदनाम वाचून तोच आदेश मूळ खात्यावर आहे का, हे पाहावे. पाणी भरलेल्या रस्त्याचे छायाचित्र असेल, तर ते छायाचित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सवर टाकावे; जुने असल्यास आधीच्या बातम्यांमध्ये ते बहुधा सापडते. हवामान विभागाचा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो आणि ठाणे जिल्हा थेट शहापूर-मुरबाडपर्यंत पसरलेला आहे, हेही ध्यानात ठेवावे. ऑरेंज अलर्टचा अर्थ तयारीत राहा असा आहे, तर रेड अलर्टचा अर्थ प्रत्यक्ष कृती करा असा आहे.

वेळेबाबत थोडक्यात सांगायचे, तर घराबाहेर पडण्याआधी एकदा आणि रात्री एकदा यादी पाहणे पुरते. नोटिफिकेशन फक्त रेल्वे, महापालिका आणि हवामान विभाग यांचेच सुरू ठेवावे. एखादा संदेश जुना किंवा खोटा निघाला, तर ज्या ग्रुपवर तो आला त्याच ग्रुपवर मूळ आदेशाचा दुवा आणि तारीख टाकावी. पाठवणाऱ्या काकांना वा ताईंना दोष न देता, ‘ही सूचना मागील वर्षीची आहे, आजची अधिकृत सूचना सोबत देत आहे’ एवढेच लिहावे.