टाचणी आरपार गेली पाहिजे

चार रंगांचं प्रमेय (सपाट कागदावरच्या कुठल्याही नकाशात शेजाऱ्यांना वेगळे रंग द्यायला चारच रंग पुरतात) वाचून हातकामाकडे वळलेले बहुतेक जण थेट मोबियस पट्टीला हात घालतात. कागद कापला, पीळ दिला, चिकटवला, झालं. माझं ऐका, आधी टोरस शिवा. मेदूवड्याचा आकार, सात रंग, आणि सगळं गणित शिवणीत उघडं.

मॅचिंग सेंटरमधून सात ठळक रंगांचं पाव-पाव मीटर रुबिया आणा. प्रत्येकाची ६२ बाय ७ सेंटिमीटरची पट्टी कापा. कडेचा एकेक सेंटिमीटर शिवणीत जाईल. पट्ट्या लांबीने जोडत जा, शेवटची पहिलीला जोडली की नळी तयार. आता नळीची दोन्ही तोंडं एकमेकांना जोडायची, पण सरळ नाही: एक तोंड अडीच पट्ट्या फिरवून. पहिल्या पट्टीचा मध्य समोरच्या तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीमधल्या शिवणीवर आला पाहिजे. खडूने खुणा आधीच करा. दीड किंवा साडेतीन पट्ट्या फिरवल्यात तर रंगांच्या काही जोड्या भेटतच नाहीत, आणि इथे तर प्रत्येक रंग बाकी सहाही रंगांना भिडला पाहिजे. ही गोल शिवण बाहेरून हातानेच घाला आणि शेवटचे टाके घालण्याआधी कापूस भरा.

मग मोजा. लांब शिवणी ७, गोल शिवणीवर अर्ध्या-अर्ध्या पट्टीच्या भेटी १४. मिळून २१, आणि सात रंगांच्या जोड्याही २१च. टोरसला सात रंग लागतात आणि तेवढेच पुरतात, हे हीवुड या गणितज्ञाने १८९० मध्ये दाखवलं होतं. इथे ते बोटाने चाचपता येतं. म्हणूनच तयार साचे उतरवून घेणाऱ्यांची मला कीव येते. अडीच का, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

आता धोका. टोरस जमला की माणूस बेफिकीर होतो. टोरसला आत-बाहेर असतं, त्यामुळे एका बाजूने छापलेलं कापडही चालून जातं. मोबियसला चालत नाही. टीट्झ या गणितज्ञाने १९१० मध्ये मोबियस पट्टीवर सहा रंग लागतातच असा नकाशा दिला. तो कागदावर स्केचपेनने उतरवायला जाल तर फसाल; मीही त्यातच अडकले होते. गणितातल्या पृष्ठभागाला जाडी नसते. कागदाला असते. पुढून लाल रंगवलेल्या जागेच्या मागे कोरा कागद राहतो, आणि बोट न उचलता रंगवत गेलात तर मूळ जागी यायला दोन फेऱ्या लागतात. म्हणजे तुम्ही रंगवलेली पट्टी मुळात मोबियस नाहीच. ती दुप्पट लांबीची, दोन कडांची साधी गोल पट्टी आहे, आणि तिच्यावरच्या कुठल्याही नकाशाला चारच रंग पुरतात. मग सहावा रंग कुठे गेला म्हणून डोकं धरून बसायचं.

उपाय सोपा आहे: रंग कापडात हवा, कापडावर नको. टाचणी टोचा, जिथे आत शिरते आणि जिथे बाहेर निघते, तिथे एकच रंग दिसला पाहिजे. रुबिया चालेल, क्रोशाने विणलेली लोकर चालेल, जिलेटीन कागदही चालेल. शिवणीची जास्तीची कड मात्र दाबून टाका, नाहीतर ‘उलटी बाजू’ पुन्हा डोकं वर काढते.

मार्गदर्शक शोधताना हातात सुई धरणारा शोधा. फळ्यावर सूत्र मांडून ‘बाकी उघड आहे’ म्हणणाऱ्या सरांपेक्षा गोधडी शिवणाऱ्या आजींनी मला जास्त शिकवलं, त्यांना टोपॉलॉजी (अशा पृष्ठभागांचं गणित) हा शब्द माहीत नसताना. आणि जमत नाही म्हणून खचू नका. केंपने १८७९ मध्ये चार रंगांची सिद्धता दिली, ती अकरा वर्षं सगळ्यांना बरोबर वाटली. खोट हीवुडने काढली. खरी सिद्धता १९७६ मध्ये आली, तीही संगणकाच्या जोरावर.

क्लाइन बाटलीच्या (मोबियससारखंच आत-बाहेर नसलेला, पण कडच नसलेला बंद पृष्ठभाग) वाटेला मात्र इतक्यात जाऊ नका. तिथे, कुठल्या पृष्ठभागाला किती रंग पुरतात हे सांगणारं हीवुडचं सूत्र सात म्हणतं, पण सहाच पुरतात, हे फ्रँक्लिनने १९३४ मध्ये सिद्ध केलं. शिवाय कापडाला भोक पाडून नळी आत घालावी लागते, आणि त्या भोकाशी कोण कोणाचा शेजारी हे ठरवताना नवख्याची पुरती दमछाक होते.