धिंगरीच्या ग्लुकन सिंथेस जनुकावर काम करताना या चुका टाळा

सोलापुरात धिंगरी अळिंबीवर एमएस्सीचा प्रोजेक्ट घेतला की स्पॉन (अळिंबीचं बियाणं) हाताशी असतो, ज्वारीच्या दाण्यांवर वाढलेला. दाण्यावरची पांढरी बुरशी खरवडून थेट डीएनए काढण्याचा मोह तिथेच होतो. कृपया तसं करू नका. त्यासोबत ज्वारीचा स्टार्च येतो आणि ज्वारीचा डीएनएही.

हे इथे विशेष घातक आहे. ग्लुकन सिंथेस यूडीपी-ग्लुकोजमधलं ग्लुकोज घेऊन पेशीभित्तिकेतल्या बीटा-१,३-ग्लुकनच्या साखळीला जोडतं. वनस्पतींत कॅलोज बनवणारं एंझाइमही त्याच, जीटी४८ नावाच्या एंझाइमांच्या कुळातलं. त्यामुळे कुळाच्या सामाईक भागावर बेतलेले प्रायमर (पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) ज्वारीचं जनुकही वाढवू शकतात. जेलवर बँड सुरेख दिसतो, सीक्वेन्स मात्र पिकाचा निघतो. बुरशी बटाटा-डेक्स्ट्रोजच्या द्रवात वेगळी वाढवा आणि मलमलीतून गाळून धुऊन घ्या.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा साधा इनक्युबेटर कामाचा नाही, तो फक्त तापवतो. थंडही करणारा बीओडी इनक्युबेटर २५ अंशांवर ठेवा. उष्णतेच्या ताणात वाढलेल्या बुरशीवरून जनुक किती सक्रिय आहे हे मोजलं, तर आकडे त्या ताणाचेही असतील.

पीसीआर काहीच देत नसेल तर प्रायमर बदलण्याआधी डीएनएच्या शुद्धतेचं २६०/२३० गुणोत्तर (२६० आणि २३० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं) पाहा. ते कमी असेल तर बुरशीचीच पॉलिसॅकराइड्स (लांब साखळीच्या शर्करा) सोबत आली असण्याची शक्यता मोठी. डीएनए दहापट पातळ करून पाहा. तरीही अडलं तर सीटॅब या डिटर्जंटच्या पद्धतीने, भरपूर मीठ ठेवून, पुन्हा काढा.

सीक्वेन्सिंगच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली की नमुना खराब म्हणून टाकून देतात, याचं वाईट वाटतं. धिंगरीच्या द्विकेंद्रकी तंतूत प्रत्येक पेशीत दोन वेगळी केंद्रकं असतात, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतीही. सूक्ष्मदर्शकाखाली क्लॅम्प (पेशींच्या सांध्यावरचे छोटे फुगवटे) दिसले तर हीच शक्यता आधी धरा. पीसीआरचं उत्पादन क्लोन करून (जीवाणूंत घालून एकेक प्रत वेगळी करून) वेगवेगळे क्लोन वाचा, किंवा एका बीजाणूपासून वाढवलेला एककेंद्रकी तंतू वापरा.

जिनोमिक डीएनएवरून घेतलेलं जनुक ई. कोलायमध्ये घालून प्रथिनाची वाट पाहू नका. त्यात इंट्रॉन (प्रथिनाचा संकेत नसलेले मधले तुकडे) असतात आणि तो जीवाणू ते कापून काढत नाही. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला, इंट्रॉन नसलेला डीएनए) घ्याच. पण हे पेशीपटलात रुतलेलं प्रचंड प्रथिन आहे, त्यामुळे सीडीएनए घेऊनही ते तिथे नीट घडेल याची खात्री नाही. प्रोजेक्टच्या मुदतीत बसवायचं असेल तर पटलाबाहेरचा छोटा तुकडा निवडा, किंवा जनुकाची सक्रियता मोजण्यावर भर द्या. मोजताना आरएनएवर डीएनेज (उरलेला डीएनए तोडणारं एंझाइम) वापरा आणि प्रायमर इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंना बसवा.