फ्लॅटमध्ये तबल्याचा रियाज, शेजाऱ्यांची झोप न मोडता

सांगलीत विश्रामबागला काय किंवा साताऱ्यात गोडोलीला काय, आता निम्मे लोक फ्लॅटमध्येच राहतात आणि नोकरी-कॉलेज सांभाळून तबला शिकणाऱ्याला वेळ मिळतो तो एकतर पहाटे नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे नेमका लोकांच्या झोपेचा. पण थोडी सोय केली तर रियाज बुडवावा लागत नाही.

आधी डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या घुमणाऱ्या वाद्याचा बंदोबस्त करा. तबल्याचा टणक आवाज कानाला टोचतो म्हणून सगळे त्यालाच दोष देतात पण तो दार-खिडक्या लावल्या की बराच अडतो, खालच्या मजल्यावरच्या काकूंना ऐकू जातो तो डग्ग्याचा घुमारा आणि तो फरशीतनं उतरतो. म्हणून फरशीवर सतरंजी, त्यावर गोधडीची चौपदरी घडी, त्यावर रिंगा, म्हणजे वाद्यं टेकवायच्या चुंबळी, आणि मग वाद्यं. व्यायामाची रबरी मॅट पडून असेल तर ती सगळ्यात खाली घाला. लाकडी दिवाणावर बसून वाजवू नका, आतनं पोकळ असतो, तोच घुमायला लागतो. खोली शक्यतो गाद्या, पडदे, कपडे भरलेली निवडा, आणि शेजाऱ्यांच्या बेडरूमची भिंत सोडून बसा.

मग कापड. जुनं सुती उपरणं किंवा पंचा एकेरी पसरून सगळी पुडी, म्हणजे वरचं कातडं, झाकायची आणि कडा वाद्यांत खोचायच्या, म्हणजे वाजवताना सरकत नाही. डग्ग्याला टॉवेल, तोही दुहेरी. कापड कोरडंच पाहिजे, पुडीवरच्या शाईला, म्हणजे काळ्या लेपाला, ओल चालत नाही. चिकटपट्टी तर अजिबात लावू नका, काढताना शाईचे टवके निघतात आणि मग पुडी बदलायचा खर्च. काही जण आवाज कमी व्हावा म्हणून तबल्याचा सूर उतरवून ठेवतात, त्याने बोटाला उसळी मिळत नाही आणि पुन्हा सुरात आणायला हातोडी घेऊन बसायचं, म्हणजे जो आवाज टाळायचा तोच.

आता वाजवायचं काय, खरा मुद्दा इथे आहे. झाकलेल्या तबल्यावर बंद बोल, म्हणजे आवाज न रेंगाळणारे, घ्या, तेटे, तिरकिट, धिरधिर, सगळं संथ लयीत. कापडावर आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, उरत नाही, नुसता टकटक आवाज येतो, त्यामुळे कुठलं बोट कमी पडतंय ते लगेच कळतं. तिरकिटमधला तर्जनीचा ‘र’ बहुतेकांचा खाल्ला जातो, उघड्या तबल्यावर तो बाकीच्या गुंजनात लपून जातो, इथे सरळ भोक दिसतं. ना, तिं, आणि डग्ग्यावर मनगट दाबून काढायची मींड, म्हणजे सरकता स्वर, मात्र कापडावर करू नका, आवाज येईना म्हणून हात आपोआप जोरात पडायला लागतो आणि सवय बिघडते. मनगट दुखायला लागलं की समजा हेच चाललंय. हे बोल संध्याकाळी सहा-सातला, रस्त्यावर गाड्यांचा आवाज असतो तेव्हा, कापड काढून वाजवा, रोज पंधरा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे, उघडा तबला त्याच्या किती तरी वर जातो. तेव्हा रात्री दहानंतर फक्त पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. मोबाईलवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाची धून, लावायचा, इअरफोन एकाच कानात, आणि तीनतालाच्या १६ मात्रा हातावर धरत कायदा, म्हणजे ठरलेली बोलरचना, पुटपुटायचा, टाळी १, ५, १३ ला आणि खाली, म्हणजे टाळीविना मोजायची जागा, ९ ला. टाळी वाजवायची नाही, मांडीवर बोट टेकवलं तरी चालतं. पढंतीत अडखळतो तो पलटा, म्हणजे कायद्यातले बोल उलटसुलट करून केलेला प्रकार, हातातूनही निघत नाही, पाहून घ्या.

गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा जवळ आल्या की एवढ्यावर भागत नाही, तेव्हा वर-खालच्या घरांत जाऊन आधीच वेळ सांगून या, लोक सहसा नाही म्हणत नाहीत. न सांगता वाजवलं की मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो.

भजनाचा पखवाज असेल तर रियाजाला डाव्या तोंडाला कणिक लावू नका, खर्ज निघत नाही आणि निम्मं काम तिथेच होतं. हलगीवाल्यांनी मात्र आमच्या नादी लागू नये, त्यांनी सरळ माळावर जावं.