नॅरोबोटीवरची सुट्टी आणि जेवणाची ठिकाणं : या चुका टाळा

पब उघडा असणं आणि पबमध्ये जेवण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर नॅरोबोटीतून, म्हणजे राहायची सोय असलेल्या लांबट, अरुंद बोटीतून, केलेल्या पहिल्याच सहलीत आम्हाला हे कळलं. रात्रीचे पावणेनऊ वाजले होते, बाहेर पाऊस होता, बोट कशीबशी काठाला बांधली होती. सोबत भारतातून आलेले आई-बाबा आणि दोन भुकेली मुलं. पबमध्ये शेकोटी पेटलेली, टेबलं भरलेली, गप्पा रंगलेल्या. काउंटरमागची मुलगी मनापासून हळहळत म्हणाली, "किचन साडेआठला बंद झालं हो." त्या रात्री सहा माणसं बटाटा वेफर्स आणि खाऱ्या शेंगदाण्यांवर झोपली.

त्यानंतर आम्ही बऱ्याच सहली केल्या आणि जेवणाच्या बाबतीत होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्या. सुट्टीवर येणारे मित्र-नातेवाईक हल्ली आधी हेच विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते. उदाहरणं मुख्यतः इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या लँगॉलेन कालव्यावरची आहेत. पहिल्यांदा बोट भाड्यानं घेणारे बरेच जण तिथेच जातात, आणि मलाही तो सगळ्यात जवळचा वाटतो.

किचन कधी बंद होतं ते न बघता निघणं

गावाकडच्या पबमध्ये दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन-अडीच आणि रात्रीचं सहा ते साडेआठ-नऊ असतं. मधल्या वेळेत चूल थंड. रविवारी दुपारभर रोस्ट (भाजलेलं मांस आणि भाज्या) मिळतं, पण चार-पाचनंतर बहुतेक ठिकाणी काहीच नाही. सोमवारी, कधी मंगळवारीही, किचनला सुट्टी असते. काही पब तर फक्त पिण्याचेच असतात. श्रॉपशायर युनियन कालव्यावरचा हाय ऑफलीचा 'अँकर' जुन्या घडणीचा, फार गोड पब आहे. लोक तिथे बिअरसाठी मुद्दाम वाट वाकडी करून जातात. पण पोटात भूक घेऊन तिथे जाऊ नका.

यावर आमचा उपाय म्हणजे दिवस उलटा मोजायचा. किचन साडेआठला बंद होत असेल तर सातला टेबलाशी बसलेलं असायचं, म्हणजे सहाला बोट बांधलेली हवी. मग सकाळी किती वाजता निघायचं ते ठरतं. सकाळीच एक फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या : आज जेवण आहे का, शेवटची ऑर्डर किती वाजता घेता, आणि सहा जणांचं टेबल ठेवाल का. दुपारवर ढकलू नका. कालवा खोल कापलेल्या डोंगरातून जातो तिथे फोनला रेंज मिळत नाही.

गाडीच्या हिशेबानं अंतर मोजणं

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि तिच्यामुळेच पहिली चूक होते. नकाशात पब सात मैलांवर दिसतो, आपण मनात म्हणतो, पोचू तासाभरात. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून खूप हळू जायचं असतं, नाहीतर लाटेनं त्यांच्या खुंट्या उपटतात. प्रत्यक्षात ताशी तीन मैल धरा. शिवाय प्रत्येक लॉकला, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांच्या हौदाला, दहा-पंधरा मिनिटं.

कालव्यावरची माणसं यासाठी एक सोपं गणित वापरतात. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीननं भागायचं, म्हणजे तास मिळतात. रेनबरीहून बोट घेतली आणि ग्रिंडली ब्रुक ओलांडून व्हिटचर्चला जायचं म्हटलं तर साधारण सात मैल आणि दहा लॉक. बेरीज सतरा, म्हणजे साडेपाच तासांहून जास्त. ग्रिंडली ब्रुकला एकूण सहा लॉक आहेत, त्यातले तीन जिन्यासारखे एकाला एक चिकटलेले. उन्हाळ्यात तिथे बोटींची रांग लागते, ती वेळ वेगळीच.

लँगॉलेनवर आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. बहुतेक कालव्यांचं पाणी जवळपास स्थिर असतं, पण या कालव्याला प्रवाह आहे. लँगॉलेनच्या वर हॉर्सशू फॉल्सपाशी डी नदीचं पाणी कालव्यात घेतात आणि ते थेट हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत वाहत येतं. म्हणून लँगॉलेनकडे जाताना बोट प्रवाहाविरुद्ध चालते, आणि अरुंद बोगद्यात किंवा पाँटकसल्टीच्या जलसेतूवर ते चांगलंच जाणवतं. हा जलसेतू १८०५ सालचा, दरीपासून अडतीस मीटर उंच, आणि २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तिथे वेळ मोडला तरी कुणाला वाईट वाटणार नाही. फक्त जातानाच्या दिवसांना जेवणाआधी तासभर जास्तीचा ठेवा.

शनिवारी दुपारी तीन-चारला बोट ताब्यात मिळते, मग ती चालवायला शिकवतात, मग सामान लावायचं. बहुतेक कंपन्या अंधार पडल्यावर बोट चालवू देत नाहीत. म्हणून पहिल्या रात्री लांबच्या नावाजलेल्या पबचा हट्ट नको. रेनबरीला उचलता पूल ओलांडला न ओलांडला तोच कालव्याकाठी दोन पब आहेत, त्यातला 'डस्टी मिलर' तर जुन्या पिठाच्या गिरणीत आहे. तिथेच कुठेतरी थांबा.

पुलाचा नंबर अर्धाच लक्षात ठेवणं

कालव्यावर पत्ता सांगतात तो पुलाच्या नंबरानं. प्रत्येक पुलावर छोटी पाटी असते आणि पब, दुकान, पाण्याचा नळ, सगळं त्या नंबरावरून सापडतं. फोनमधला नकाशा पब रस्त्यावरून दाखवतो, कालव्यावरून नाही. म्हणून ठिकाण ठरवताना जवळच्या पुलाचा नंबर वहीत लिहून ठेवा आणि पब टोपाथच्या, म्हणजे पूर्वी बोट ओढणारे घोडे जायचे त्या वाटेच्या, काठावर आहे की पलीकडे, तेही लिहा. पलीकडे असेल तर पूल ओलांडून जावं लागतं.

लँगॉलेनवर एक फसवी जागा आहे. फ्रँक्टन जंक्शनपर्यंत पूल १ ते ६९ असे आहेत आणि तिथून पुढे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात, फक्त पुढे 'डब्ल्यू' लावून. म्हणजे २० नंबरचा पूल रेनबरीला आणि २० डब्ल्यू तिकडे चर्कच्या बाजूला. आमच्या एका स्नेह्यांनी नुसता आकडा लिहून घेतला होता. टेबल राखलेलं, आणि ते पबपासून दोन दिवसांच्या अंतरावर.

पबसमोरच बोट लावायचा आग्रह

ऑगस्टमध्ये चारनंतर चांगल्या पबसमोरचा काठ भरलेला असतो. मग लोक पुढे जातात, जागा मिळत नाही, आणि सत्तर फुटी बोट वळवायची तर विंडिंग होल, म्हणजे बोट उलटी फिरवण्यासाठी रुंद केलेली कालव्याची जागा, हवं. (उच्चार वाऱ्याच्या 'विंड'सारखा, 'वाइंडिंग' नव्हे.) ते असेल मैल-दोन मैल पुढे. तोवर किचन बंद.

त्यापेक्षा पब चालत पंधरा-वीस मिनिटांवर आला की पहिली बरी जागा दिसेल तिथे थांबा. कालव्याकाठी मैलभर चालायला वीस मिनिटं लागतात आणि दिवसभर उभं राहून सुकाणू धरल्यावर पायांना ते चालणं बरंच वाटतं. टोपाथच्या बाजूला, पाटी नसेल तर, एका जागी जास्तीत जास्त चौदा दिवस थांबता येतं. वर्दळीच्या जागी २४ किंवा ४८ तासांची पाटी असते. लॉकच्या तोंडाशी चढ-उतारासाठी ठेवलेला काठ, पाण्याचा नळ, विंडिंग होल, पुलाखालची जागा आणि आंधळं वळण इथे जेवणापुरतीसुद्धा बोट बांधू नका. पबचा स्वतःचा काठ असेल तर तो गिऱ्हाइकांसाठी असतो. रात्रभर राहायचं असेल तर आत जाऊन विचारा, नाही म्हणणारे मला फार थोडे भेटले.

"व्हेज आहे ना?" एवढंच विचारून गप्प बसणं

आई शुद्ध शाकाहारी असल्यामुळे या विषयात मी फार लक्ष घातलं. मेनूवर 'व्ही' लिहिलेलं असलं तरी दोन-तीन प्रश्न विचारावेच लागतात. पहिला तेलाचा. मासे आणि चिप्स एकाच कढईत तळणं अगदी सर्रास चालतं. यॉर्कशायरमध्ये आणि बर्मिंगहॅमजवळच्या ब्लॅक कंट्रीत तर बऱ्याच ठिकाणी चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. तीच तिथली पारंपरिक चव आहे, ते लपवत नाहीत; आपणच विचारायचं असतं. दुसरा प्रश्न ग्रेव्हीचा. तिसरा, सूपसाठी वापरलेल्या स्टॉकचा; दोन्हींत मांसाचा रस असू शकतो. वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, आणि परमेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटवर, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसावर, बनतं. पिंपातली एल बिअर नितळ करायला अजूनही अनेक ठिकाणी आयसिंग्लास, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. बाबांना हे कळल्यापासून ते सायडर घेतात.

ब्रिटनमध्ये प्रत्येक खाण्याच्या ठिकाणी चौदा ॲलर्जनांची, म्हणजे ॲलर्जी आणू शकणाऱ्या पदार्थांची, माहिती मागितल्यावर द्यावीच लागते. ती यादी जरूर मागा. अंडं, दूध, मासे त्यात येतात, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांचं काम एका मिनिटात होतं. पण मांस किंवा चरबी ही त्या चौदात नाही, म्हणून यादी बघून निर्धास्त होऊ नका. तोंडानं विचारा, स्पष्ट आणि नम्रपणे.

आईला हमखास चालतं ते कॉलीफ्लॉवर चीज, रविवारी असला तर नट रोस्ट, म्हणजे मांसाऐवजी सुक्यामेव्याचा भाजलेला पदार्थ (ग्रेव्ही आधी विचारून), आणि जॅकेट पोटॅटो. सालासकट भाजलेला मोठा बटाटा, वर लोणी आणि मीठ. एकदा संकष्टी सहलीत आली तेव्हा सोबतचे बीन्स काढायला सांगून तिनं तोच खाल्ला आणि चंद्रोदयाची वेळ फोनवर बघत बसली.

तिखटाची आठवण अनावर झाली तर बर्मिंगहॅमच्या बाजूचे कालवे निवडा. स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविचमध्ये पंजाबी कुटुंबांनी चालवलेले 'देसी पब' आहेत : इंग्लिश पबचीच इमारत, तीच एल, आणि सोबत तव्यावर चरचरत येणारं मिक्स्ड ग्रिल, पनीर, गरम नान. साठच्या दशकात तिथल्या अनेक पबमध्ये आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांना दारातूनच परत पाठवत असत. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेदिकला येऊन गेले ते याच वर्णद्वेषामुळे. त्याच गावात आज सगळे रंग एका टेबलाभोवती जेवताना दिसतात, आणि मला तिथे बसलं की फार भरून येतं. बोट बर्मिंगहॅमच्या मध्यवर्ती भागात बांधून न्यू स्ट्रीटहून ट्रेननं स्मेदिकला जाणं सोयीचं.

बोटीतली चूल रिकामी ठेवणं

"पबमध्येच खाणार" म्हणून काहीच न भरता निघू नका. आणि शनिवारी खरेदी राहिली तर रविवारी सकाळी करू, असंही धरू नका. इंग्लंड-वेल्समध्ये २८० चौरस मीटरांहून मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडतात, बहुधा दहा ते चार किंवा अकरा ते पाच. लँगॉलेनवर सगळ्यात सोयीची खरेदी एल्समियरला : गावात शिरणाऱ्या कालव्याच्या छोट्या फाट्याच्या टोकाशीच सुपरमार्केट आहे. व्हिटचर्च मात्र कालव्यापासून मैलभर आत.

बोटीत गॅसची शेगडी असते, त्यामुळे छोटा कुकर, तांदूळ, बेसन, मेतकूट, पोहे एवढं बरोबर असलं की कुठल्याही बंद किचनची भीती उरत नाही. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा आणि भिंतीतल्या वायुवीजनाच्या फटी थंडी वाजते म्हणून बुजवू नका. बंदिस्त बोटीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरा आहे.

परतीच्या वाटेचा विचार न करणं

पबमध्ये ऑर्डर काउंटरवर जाऊन, टेबलाचा नंबर सांगून द्यायची असते. टेबलाशी वाट बघत बसलं तर कुणी येत नाही आणि शेवटची ऑर्डर निघून जाते. लहान मुलांना अनेक ठिकाणी नऊनंतर थांबू देत नाहीत, हेही आधी विचारा.

जेवून निघाल्यावर टोपाथवर दिवे नसतात. एका हाताला पाणी, पायाखाली बोटींचे दोर आणि खुंट्या. प्रत्येकी एक टॉर्च हवाच, फोनचा उजेड पुरत नाही. आपली बोट कुठल्या पुलाजवळ आहे तो नंबरही लिहून ठेवा, कारण रात्री सगळ्या बोटी सारख्याच दिसतात. परतताना लॉकच्या दरवाज्यावरची अरुंद फळी ओलांडून पलीकडे जावं लागणार असेल तर त्या रात्री दारू घेऊ नका. आई-बाबा बरोबर असले की आम्ही वाटेत लॉक येणार नाही असाच पब निवडतो.

लॉकवर भेटलेल्या माणसांना न विचारणं

इंटरनेटवरचे तारे जुने असतात. पब चालवणारे बदलतात, आचारी सोडून जातो, आणि वर्षभरापूर्वीचं कौतुक तसंच राहतं. समोरून येणारी बोट मात्र काल रात्री तिथेच जेवलेली असते. लॉक भरेपर्यंत दहा मिनिटं हातात असतात, तेवढ्यात "काल कुठे जेवलात?" एवढं विचारा. कालव्यावरची माणसं या प्रश्नाला भरभरून उत्तर देतात. मागच्या वर्षी ग्रिंडली ब्रुकला रांगेत एका वयस्क जोडप्यानं आम्हाला सांगितलं की आम्ही ठरवलेल्या पबमध्ये नवीन माणसं आली आहेत आणि त्यांचं किचन बुधवारी सुरू होणार आहे. तो सोमवार होता. आम्ही पाचलाच एका झाडाखाली बोट बांधली, आईनं पिठलं-भात टाकला, आणि त्याच पबमध्ये परतीच्या वाटेवर, शुक्रवारी, टेबल राखून जेवलो.