कंपवात आणि काठी-वॉकर : या चुका टाळा

घरात कुणाला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात असतो. एक दिवस तोल जातो आणि त्याच आठवड्यात म्हापसा नाहीतर फोंड्याहून वॉकर येतो. बहुतेकदा बिनचाकी, उचलून पुढे ठेवायचा, कारण तोच स्वस्त. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हा वॉकर उत्तम, पण कंपवातात तो घात करू शकतो. दर पावलाला उचला-ठेवा केल्याने चालण्याची लय तुटते आणि पाय जागीच चिकटतात. त्यातच वॉकर उचलताना भार मागे जातो, आणि या आजारात माणूस मुळातच मागे कलंडतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

हातब्रेकचा चारचाकी वॉकर चालणे अखंड ठेवतो. मात्र ज्यांची पावले आपोआप धावत सुटतात, त्यांच्या हातून तोही पुढे पळतो. अशांसाठी उलट्या ब्रेकचा वॉकर मिळतो : दांडी दाबली तरच चाके फिरतात, सोडली की थांबतात. यातले काय चालेल हे वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्यूरॉलॉजीला दाखवायला जाल, तेव्हा फिजिओथेरपिस्टसमोर चालून दाखवा आणि मगच खरेदी करा.

चार पायांची काठीही दिसायला भक्कम. चालताना तिचे चारही पाय एकदम टेकत नाहीत आणि ती डुगडुगते. त्यापेक्षा रुंद रबरी बुचाची साधी काठी बरी. उंची अशी मोजा : चप्पल घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत, काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आजोबांची शिसवी काठी कितीही जिव्हाळ्याची असली, तरी ती त्यांच्या मापाची होती. मिरगाआधी बूच उलटून पाहा; नक्षी झिजली असेल तर बदला. शेवाळलेल्या चिऱ्यांवर गुळगुळीत बूच सरळ घसरते.

आता पाय गोठण्याविषयी. उंबरठा, न्हाणीचे अरुंद दार, वळण, किंवा चवथीला पाहुण्यांनी भरलेला सोपा, अशाच जागी पाय खिळतात. तेव्हा घरचे ‘चला, चला’ म्हणत हात ओढतात किंवा वॉकर पुढे खेचतात. वरचे अंग पुढे जाते, पाय मागे राहतात आणि माणूस पडतो. ओढू नका. आधी थांबू द्या, ताठ उभे राहू द्या, भार एका पायावरून दुसऱ्यावर हलवू द्या, मग ‘एक, दोन’ म्हणत मोठे पाऊल टाकायला सांगा. तुमचा पाय त्यांच्या पावलापुढे आडवा धरला, तर तो ओलांडण्यासाठी पाय बऱ्याचदा सुटतो. गोठण्याच्या ठरलेल्या जागी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या, तर त्याही हेच काम करतात. पायपुसणी मात्र तिथून काढाच.

वळताना वॉकर सोडून गिरकी घेणे, हीदेखील नेहमीची चूक. अर्धवर्तुळात, वॉकरच्या आतच राहून वळावे. बसताना खुर्ची पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे यावे आणि हात मग काढावेत. उठताना वॉकर धरून स्वतःला ओढू नये, तो उलटतो; खुर्चीच्या हातांवर जोर द्यावा. उठल्यावर क्षणभर थांबावे, कारण या आजारात आणि त्याच्या औषधांनीही उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. चालताना गप्पा नकोत आणि हातात चहाचा कपही नको.

काठी-वॉकर एवढ्याने भागत नाही. लेव्होडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाचा असर उतरला, की सकाळी झपझप चालणारा माणूस दुपारी जागचा हलत नाही. न्हाणी, मंदिर, बाजार ही कामे गोळीचा असर असताना उरकावीत. पडला की वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली ते वहीत लिहा. डॉक्टरांना डोस जुळवायला ते उपयोगी पडते. आजाराच्या पहिल्या वर्षातच वारंवार पडणे सुरू झाले, विशेषतः मागच्या बाजूला, तर वॉकर बदलत बसू नका. ते कंपवातासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या आजाराचे लक्षण असू शकते, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना लवकर पुन्हा दाखवा.