नो पार्किंगचं चालान कटलं, मित्रांमध्ये पैसे कसे वाटायचे

डिसेंबरची गोष्ट आहे, आम्ही चौघं रात्री साडेदहाला इंदूरच्या सराफ्यात गराडू (थंडीत मिळणारा तळलेला कंद) खायला गेलो, गाडी एका मित्राची. तो म्हणत होता की सुभाष चौकातल्या मल्टिलेव्हल पार्किंगला लावू आणि पायी येऊ, तर आमच्यातलाच एक म्हणाला अरे दहा मिनिटांचं काम आहे, सगळेच लावतात, लाव इथेच, आणि मागच्या सीटवरून मीसुद्धा म्हटलं की लाव ना, किती थंडी आहे. लावली त्याने. गरम गराडू, वरून जीरावन मसाला, लिंबू, मस्त खाल्लं आणि आपापल्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी चालानचा मेसेज आला तो त्याच्या बाबांच्या मोबाइलवर, कारण गाडी त्यांच्या नावावर आणि आरसीला नंबरही त्यांचाच. सकाळी पोहे खाताना बाबांनी फोन त्याच्यासमोर ठेवला, ५०० रुपये, खाली गाडीचा फोटो, त्यात नंबरप्लेट स्वच्छ दिसतेय. त्याने पैसे भरले आणि आम्हाला काहीच सांगितलं नाही. फक्त त्यानंतर तो कुठल्याच प्लॅनला आला नाही. मला हे कळलं जानेवारीत, त्याची बहीण रामबागेत हळदीकुंकवाला भेटली तेव्हा.

मला फार वाईट वाटलं. माझ्या वाट्याचे १२५ रुपये होते आणि मी ते आनंदाने दिले असते, पण मी विचारलंच नाही आणि तो बोललाच नाही. म्हणून हे सगळं नीट लिहितेय.

आधी कायद्याचं. चालान गाडीच्या नंबरवर निघतं म्हणून मेसेज मालकाला येतो, आणि जबाबदारी मालकाची किंवा चालवणाऱ्याची, मागे बसलेल्यांची काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये साध्या चुकीला पहिल्यांदा ५०० पर्यंत आणि पुन्हा केली तर १५०० पर्यंत दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर. क्रेनने उचलून नेली तर उचलण्याचा खर्च वेगळा, तोही मालकाच्याच माथी. म्हणजे मित्रांनी वाटून घ्यायचं की नाही हे कायदा तुम्हाला सांगणार नाही, ते आपलं आपणच ठरवायचं.

माझं म्हणणं असं की गाडीत किती जण होते ते मोजू नका, "इथेच लाव" कोण म्हणालं आणि काम कोणाचं होतं ते बघा. आमच्या केसमध्ये चालवणारा मल्टिलेव्हलचं म्हणत होता आणि आम्ही त्याला थांबवलं, मग त्याने एकट्याने ५०० भरणं सरळ सरळ अन्याय आहे. उलट आम्ही तिघांनीच भरायला हवे होते असंही कोणी म्हणेल, पण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं, नाही म्हणता आलं असतं, म्हणून मला चौघांत सारखे हेच बरोबर वाटतं. एकानेच हट्ट धरला असेल आणि बाकीचे गप्प असतील तर त्या एकाने अर्धे उचलावेत, उरलेले बाकीच्यांत. आणि हे त्याने स्वतः म्हणावं, दुसऱ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवायची वेळ येऊ देऊ नये.

चालवणाऱ्याने कोणाला न विचारता बोर्डाखाली गाडी लावली आणि तुम्हाला उतरल्यावर कळलं तर पैसे त्याचे. तरीसुद्धा गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, तुम्हाला घरून घेतलं आणि घरी सोडलं, तर मी असते तर निदान पेट्रोलचे तरी देईन म्हटलं असतं.

काम एकाचंच असेल, म्हणजे कोणाला जेल रोडवरून फोनची स्क्रीन बदलून घ्यायची होती किंवा कापड मार्केटमधून लग्नाच्या साड्या उचलायच्या होत्या आणि बाकीचे सोबत म्हणून आले होते, तर ज्याचं काम त्याचं चालान, यात चर्चा नको. दवाखान्याची धावपळ असेल, कोणाच्या आईला ॲडमिट करायचं होतं आणि गाडी गेटजवळ टाकून पळालात, तर त्या घरच्यांकडे हा विषयच काढू नका, बाकीच्या मित्रांनी वाटून भरून टाका.

मागून घेतलेली गाडी असेल तर पूर्ण रक्कम नेणाऱ्याची, आणि मालकाने मागण्याआधी. यावर मी कोणाचंच ऐकणार नाही. दादाची गाडी घेऊन गेलात, चालान त्याच्या फोनवर गेलं, आणि तो घरचाच आहे म्हणून मागणार नाही असं तुम्ही धरून चाललात तर पुढच्या वेळी किल्ली मिळणार नाही, वहिनी बोलतील ते वेगळंच. ग्रुपमध्ये कोणी अजून शिकत असेल, कमावत नसेल, तर त्याला हिशोबात धरू नका.

आता एक गोष्ट जी लोक घोळवतात. वाटून घ्यायचं ते फक्त पार्किंगचं. सीटबेल्ट लावला नाही म्हणून चालान आलं तर ज्याने लावला नव्हता त्याचं. दारू पिऊन चालवल्याचा पहिल्यांदाचा दंड १०,००० पर्यंत आहे, जेलही होऊ शकते, त्यात मित्रांनी एक रुपयाही घालू नये, कारण तिथे पैसे वाटले की पुढच्या वेळी पुन्हा प्यायला आपणच हिंमत दिली असं होतं. सिग्नल तोडणं, जोरात पळवणं, तेही चालवणाऱ्याचंच. एका स्कूटीवर तिघं बसलात तर मात्र तिघांचंही, बसताना तिघांनाही माहीत होतं.

मागायचं कसं, इथेच बहुतेक लोक अडतात. त्याच दिवशी मागा. महिन्याने काढलं तर समोरच्याला वाटतं हा इतके दिवस मनात धरून बसला होता. चालानचा स्क्रीनशॉट टाका आणि खाली साधं लिहा: "अरे कालचं सराफ्याचं चालान आलंय, ५०० चं. आपण सगळ्यांनीच इथे लाव म्हटलं होतं, तर १२५-१२५ टाका, हा माझा यूपीआय." एवढंच. "जमलं तर", "काही घाई नाही", "सोड, राहू दे" हे लिहू नका, त्याने समोरचा गोंधळतो आणि तुम्ही मनात कुढत राहता. ज्या ग्रुपमध्ये ते चौघंच आहेत तिथेच टाका, सगळ्या फॅमिली ग्रुपला दाखवायची गरज नाही.

तुम्ही मागे बसलेले असाल तर वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी स्वतः विचारा, "भिया (म्हणजे भाऊ), काल काही चालान-वालान आलं का?" हा एक प्रश्न आम्ही तिघांपैकी एकानेही विचारला असता तर तो मित्र महिनाभर तुटला नसता. तो नाही म्हणाला, राहू दे म्हणाला, तर एकदा आग्रह करा आणि मग थांबा, पुढच्या वेळी पंपावर तुम्ही आधी फोन काढा.

भरण्याआधी चालान खरं आहे का ते बघा, हल्ली खोटे मेसेज फार येतात, त्यात एपीके फाइल, म्हणजे ॲप टाकणारी फाइल असते, उघडली की बँकेचे पैसे जातात. लिंकवर टॅप न करता परिवहनच्या सरकारी ई-चालान साइटवर स्वतः जा, जिचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन वर संपतो, आणि तिथे चालान नंबर टाकून बघा. फोटोत गाडी आपली आहे ना, जागा आणि वेळ जुळते ना, हे बघूनच पैसे गोळा करा. एकाने भरावं, पावती सगळ्यांना पाठवावी.

आणि खरं तर हे सगळं गाडीतून उतरायच्या आधी ठरवायची गोष्ट आहे. आता आमच्यात असं आहे की राजवाडा, सराफा, शीतलामाता बाजार या बाजूला जायचं तर पार्किंगची पर्ची चौघांची, आणि ती निघताना पोहे-जिलेबीच्या पैशांसारखी आधीच जमा होते, मग कोणी "इथेच लाव" म्हणत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) या दोन दिवशी राजवाड्याकडे गाडी नेतच नाही, ऑटोने जितकं जवळ जाता येईल तितकं जातो, पुढे पायी.

त्या मित्राला मी हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला. आधी सॉरी म्हटलं, मग तिघांचे मिळून ३७५ पाठवले. तो म्हणाला पैशांचं नव्हतं गं, बाबांसमोर मी एकटाच पडलो होतो. मग मी त्याच्या घरी गेले आणि काकांना सांगितलं की काका, तो नाही म्हणत होता, गाडी तिथे लावायला आम्ही सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, काकूंना चहा ठेवायला सांगितलं, आणि शनिवारी तो सराफ्याला आला.