बायबलमधला ‘टायर’ वाचताना या चुका टाळा

१६११ सालचं किंग जेम्स बायबल, म्हणजे बायबलचं जुनं इंग्रजी भाषांतर, वाचताना यशया या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात सियोनेतल्या, म्हणजे यरुशलेमेतल्या, नटव्या बायकांच्या दागिन्यांची यादी लागते. त्यात चक्क ‘चंद्रासारखे गोल टायर’ निघतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं.

हा टायर म्हणजे ‘अटायर’चं, पोशाखाचं, आखूड रूप. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ नीट लावणं, सजवणं. थकण्याच्या टायरशी त्याचं नातं नाही. २ राजे ९:३० मध्ये बंडखोर सेनापती येहू नगरात आल्याचं ऐकून राणी ईजबेल चेहरा रंगवते, डोकं ‘टायर’ करते आणि खिडकीतून बघते. तिचं डोकं शिणलेलं नाही, तिने केशभूषा केली आहे. चाकाचा टायर मात्र बहुधा याच घराण्यातला. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात, तो चाकाचा पेहरावच की! सोर नगराचं इंग्रजी नावही कानाला टायरच लागतं, पण मराठी बायबलवाल्यांना तो घोळ नाही.

खरी गफलत पुढे होते. अर्थ कळला की माणूस सगळीकडे ‘डोक्यावरचा दागिना’ लावून मोकळा होतो. यशया ३:१८ मधला हिब्रू शब्द आहे ‘सहरोनीम’, म्हणजे चंद्रकोरी. त्या डोक्यावरच्या असतील असं धरून चालू नका. शास्ते ८:२१ मध्ये इस्राएलांचा पुढारी गिदोन याच चंद्रकोरी उंटांच्या गळ्यातून काढून घेतो. तिथे किंग जेम्समध्ये नुसतं ‘अलंकार’ म्हटलंय, त्यामुळे इंग्रजीवरून हा धागा हाती लागत नाही.

यहेज्केल २४:१७ मधला टायर निराळाच. तिथे ‘पएर’ आहे, म्हणजे मुंडासं. संदेष्टा यहेज्केल याची बायको मरणार आहे आणि देव त्याला सांगतो, रडू नकोस, मुंडासं बांध, वहाणा घाल. ‘नटून घे’ असा अर्थ केला तर हा प्रसंग उगाच क्रूर होतो. शोकात लोक डोकं उघडं ठेवत, अनवाणी राहत. त्याने मात्र रोजच्यासारखंच दिसायचं होतं. त्याच संध्याकाळी ती गेली.

अडलात तर इंग्रजी शब्द शोधत बसू नका. स्ट्राँगच्या शब्दसूचीत बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिलेला आहे, त्यातला हिब्रू क्रमांक बघा. चंद्रकोरीचा ७७२०, मुंडाशाचा ६२८७. या दुसऱ्या क्रमांकावरून यशया ६१:३ सापडतं. इंग्रजीत तिथे ‘राखेऐवजी सौंदर्य’ आहे, टायरचा मागमूस नाही. हिब्रूत मात्र ‘एफेर’, म्हणजे राख, काढून ‘पएर’ दिला आहे. तीच तीन अक्षरं, फक्त पहिल्या दोघांची अदलाबदल. डोक्यावरची राख झटकली आणि तिथे मुंडासं आलं.